फोन माझा, हुकूम माझा

३ नोव्हेंबर, सोमवार
रात्रीत फोनचं तोंड बदललं. मला न विचारता. हिरवं बटण डावीकडे होतं ते उजवीकडे गेलं, आणि पत्त्यांचा जुगार आपोआप येऊन बसला. काढायला गेले तर निघत नाही. फोन माझा आणि पाहुणे कंपनीचे. माझ्या मिक्सरने जन्मात असं केलं नाही.
सूनबाई मेधा म्हणाली, आई, अपडेट आलं असेल, सगळ्यांना येतं. सगळ्यांना येऊ दे. सगळ्यांना मी वळण लावलेलं नाही.
ठरवलं. या फोनला माझ्याशिवाय कोणी हात लावायचा नाही. वाजला तरी मीच उचलणार. मेधाने तर नाहीच.
अंबूचा फोन यायचाय. माझी धाकटी बहीण, अळणावरला असते. हुबळीत डोळ्याचं ऑपरेशन आहे, तारीख मिळाली की कळवणार. मी शेजारी बसेन असा शब्द दिलाय. लहानपणापासून भित्री, सुई बघून पळणारी. तिच्या घरात रेंज नाही, वायफायवर व्हॉट्सॲपनेच बोलते.

५ नोव्हेंबर
शेजारची दीपश्री आली. विद्यानगरात इंजिनियरिंग शिकते. म्हणाली, अज्जी, कंपनीचं सगळं पुसून दुसरं घालता येतं. फुकट असतं, आत काय घातलंय ते कुणालाही बघता येतं, आणि मालक तुम्ही.
मला लगेच कळलं. दळण गिरणीत टाकून घरी यायचं, की पुढ्यात उभं राहून दळून घ्यायचं, एवढाच फरक. टाकून आलं की दुसऱ्याची ज्वारी आपल्या गव्हात. मी जन्मभर उभी राहिलेय. घाल म्हटलं.
मेधाकडे तिच्या फोनचा पासवर्ड मागितला. घरच्या घरात लपवायचं काय. दिला नाही. दीपश्री हसली, म्हणाली, अज्जी, कंपनी पण हेच म्हणते. पोरगी हुशार आहे, पण कंपनी वेगळी आणि सासू वेगळी. लग्न झालं की कळेल.

६ नोव्हेंबर
स्वतंत्र झाले. जुगार गेला. फोन घासूनपुसून ठेवलेल्या भांड्यासारखा. व्हॉट्सॲप दीपश्रीने परत घातलं, पण आता तेही प्रत्येक गोष्ट मला विचारून. फोटो बघू का? ब्याड. माइक वापरू का? ब्याड. कॉल आला की कळवू का? ब्याड. नको म्हणण्यात कानडीइतकी मजा मराठीत नाही.
दीपश्री म्हणाली, अज्जी, वाचून दाबा. वाचायचं काय त्यात. दारात कोणी आलं की आधी ब्याड म्हणावं. खरी गरज असेल तो पुन्हा विचारतो.

८ नोव्हेंबर
काय शांतता. फोन एकदाही वाजला नाही. मेधाचा सारखा किणकिणतो, ती गुलाम. मी मालकीण.
अंबूने अजून तारीख कळवली नाही. पुढे ढकलली असणार. भित्री.

१० नोव्हेंबर
अंबू रुसलीय. दिवाळीत तिच्या पुरणाच्या कडबूला मी दगड म्हटलं होतं. दगडच होता.
मेधा म्हणाली, माझ्या फोनवरून मावशींना लावून बघू का, नंबर द्या. नाही म्हटलं. तिचा नंबर हिच्याकडे नको, हिचा तिच्याकडे नको. दिवाळीतच दोघींना पुसायला लावलाय. दोघी मिळून माझ्याबद्दल बोलतात.
मी आधी फोन करणार नाही. गरज असेल तो पुन्हा विचारतो.

१२ नोव्हेंबर
पिशवी भरून दाराशी ठेवली. चादर, थर्मास, मेतकूट. तारीख कळली की निघायचं. मी नसले तर बाई टेबलावरून उठून पळेल.
फोन तपासला. चार्ज भरपूर आहे. म्हणजे दोष तिचाच.

१४ नोव्हेंबर, संध्याकाळ
अंबू आली. ऑटोतून, काळा चष्मा लावून. चप्पल काढायच्या आधी विचारलं, अक्का, जिवंत आहेस ना?
उजवा डोळा काल झाला. आठवडाभर फोन लावत होती. शेजारी कोण बसलं, विचारलं. म्हणाली, बाजूच्या खाटेवरची कलघटगीची एक बाई. तिचा हात धरला. पळाली नाही. रडलीस का, विचारलं. म्हणाली, तुझा फोन लागेना तेव्हा रडले. सुईला नाही.
दाराशी माझी भरलेली पिशवी बघितली. मेतकूट तेवढं काढून घेतलं.
मेधाने विचारलं, आई, फोनला हात लावू का? हो म्हटलं. तिने व्हॉट्सॲप उघडून दाखवलं. वरपासून खालपर्यंत अंबूचंच नाव, लाल अक्षरात. मेधाने दोन ठिकाणी काहीतरी दाबलं आणि अंबूला समोरूनच लावायला सांगितलं. वाजला. मी दोघींकडे पाठ करून चहा टाकला. अंबू म्हणाली, साखर कमी घाल. कडबूचा विषय निघाला नाही, मीही काढला नाही.
डाव्या डोळ्याची तारीख अजून मिळायचीय.
मेधाचा नंबर अंबूच्या फोनमध्ये आजच घालायचा. फोन माझा तो माझाच. पण वाजला की मेधाने उचलायचा, मेधा बाहेर असेल तर दीपश्रीने. अंबूचा असेल तर मी न्हाणीघरात असले तरी हाक मारायची.