डोक्यावरचे चार चौकोन

मल्लेश्वरम, बंगळूर
६ डिसेंबर १९६४

प्रिय अलका,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र मंगळवारी पोचलं. पहिलं बाळंतपण माहेरी न करता नागपुरातच करायचं ठरवलंय, हे तू चार ओळींत उरकलंस आणि पाचवी ओळ लिहिलीस, ‘आईस नमस्कार’. तुझ्या आईने पत्र दोनदा वाचलं, घडी घालून देव्हाऱ्यापाशी ठेवलं आणि म्हणाली, तिला सोयीचं पडेल तसं करू दे. मग ताक घुसळायला बसली ती घुसळतच राहिली. लोणी कधीच वर आलं होतं. पत्रांची उत्तरं तिने लिहायची असा आपल्या घरचा रिवाज, पण या वेळी पेन मी घेतलंय. मी दहा ओळींच्या वर कधी लिहीत नाही, तेव्हा हे जाड पाकीट बघून घाबरू नकोस. बातमी चांगलीच आहे.

तुझा राग कुठून आलाय हे मला कळतं. तुझ्या लग्नाचा तो फोटो. तू, उमाकांतराव, त्यांच्या घरची सगळी मंडळी, मी, अगदी भटजीसुद्धा, आणि तुझी आई मात्र नाही. चेहऱ्यामुळे ती बसली नाही असंही तुला वाटेना, कारण चेहऱ्याच्या डाव्या बाजूवरून वारं जाऊन चार महिने झाले होते तरी दिवसभर ती त्याच चेहऱ्याने मांडवात मिरवत होती. तू विचारलंस तेव्हा ‘मला हौस नव्हती’ एवढंच म्हणाली. जावई प्राध्यापक, त्यातून तत्त्वज्ञानाचा, म्हणून तिने आधी थोडी कुरकुर केली होती. तू दोन आणि दोन चार केलेस. तेव्हापासून तुझ्या पत्रांत तिच्या वाट्याला एकच ओळ येते. त्या फोटोबद्दल मला लिहायचं आहे, पण ते शेवटी. आधी बातमी.

ऑगस्टमध्ये आम्ही ‘देवदर्शनाला मद्रासकडे जातो’ असं कळवलं, ते साफ खोटं होतं. देव एकच पाहिला, आणि तो पांढऱ्या डगल्यातला सर्जन होता. तुझ्या आईचा डावा गाल या अडीच वर्षांत फारच सुटला होता. ओठाचा कोपरा खाली ओघळलेला, चहा पिताना गळायचा, आणि हसू आलं की ती पदर तोंडावर घ्यायची. पुढे पुढे हसू येईल अशा ठिकाणी जाणंच तिने सोडलं. डॉक्टरांनी तिच्या मांडीतल्या चिवट पडद्याची एक पट्टी काढून गालाच्या आतून ओवली आणि ओठाचा कोपरा वर बांधून टाकला. सैल पडलेली कातडी कानापुढे ओढून घेतली, जास्तीची कापली आणि शिवली. परदेशात नट्या तरुण दिसायला असं करून घेतात म्हणे. तुझी आई म्हणाली, मला तरुण नको, सरळ करा. तुला कळवायचं नाही ही तिचीच अट. बरं झालं तर सांगू, नाहीतर पोरीला उगाच घोर.

बरं झालं, अलका. पण खरी गंमत पुढेच आहे. घरी येताना डॉक्टरांनी सांगितलं, सहा आठवडे चेहऱ्याला काही लावू नका, उन्हात छत्रीशिवाय फिरू नका. नंतर सौम्य साबण आणि साधंसं एखादं क्रीम, पण एका वेळी एकच, आणि आधी हातावर लावून एक दिवस वाट पाहा. कानापुढची कातडी अजून बधिर आहे, तिथे आग झाली तरी बाईंना कळणार नाही. हे शेवटचं वाक्य तिने असं मनावर घेतलं की साध्या पाण्यालाही ती भिऊ लागली. कातडी तर कोरडी पडून खवले धरू लागलेली.

अशा वेळी सल्ल्यांना काय तोटा! शेजारच्या सोयराबाई तुला आठवतात ना? त्यांचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर इथे आले आणि राहिले, आणि अजूनही त्या प्रत्येक दुखण्यावर फौजी इलाज करतात. वाटीत साय, मध आणि हळद कालवून हजर. म्हणाल्या, ‘अक्का, भ्यायचं काय त्यात? स्वल्प लावून बघा की!’ तुझ्या आईने भिडेखातर हातावर लावलं, आणि खरं तर काहीच झालं नाही, पण भीतीने ती रात्रभर हात चोळत बसली आणि सकाळी हात लाल. झालं! आता कशालाच हात लावणार नाही म्हणाली. औषधांच्या दुकानातल्या कृष्णाजींनी जाड काचेच्या बरणीतलं कोल्ड क्रीम दिलं होतं, शिवाय गुलाबाच्या वासाचा, तोंडाला चोपडायचा स्नो, शिवाय त्यांनी स्वतः खलात घोटलेलं बिनवासाचं मलम. सगळं फळीवर तसंच, आणि बाईसाहेब छत्री घेऊन घरातल्या घरात.

आता तुझा बाप आयुष्यभर काय करत आला? विमानाच्या कारखान्यात रंग तपासत आला. नवा रंग आला की आम्ही तो थेट विमानाला फासत नाही. पत्र्याच्या तुकड्यावर चौकोन आखतो, प्रत्येकात एक रंग देतो, नंबर टाकतो आणि पत्रा छपरावर दक्षिणेकडे तोंड करून उन्हात ठेवतो. कोणता उडतो, कोणता फुगतो, कोणावर धूळ बसते, ते वहीत उतरवतो. मी म्हटलं, अहो बाई, ताणून बसवलेली, गुळगुळीत, भरपूर ऊन खाणारी कातडी हवी ना तपासायला? देवाने मला ती फुकट दिलीय. आणि मी तिच्यापुढे पाठ करून बसलो, टक्कल पुढे केलं, आणि हातात कॉपिंग पेन्सिल दिली.

नाही नाही म्हणत तिने पेन्सिल ओली केली आणि चार चौकोन आखले. जांभळे. आत एक, दोन, तीन, चार असे आकडे टाकले, ती शाळेत मास्तरीण असताना फळ्यावर काढायची तसेच सुबक. तीन नंबरपाशी पेन्सिल अडखळल्यासारखी वाटली. म्हटलं, रडतेय की काय ही? मागे वळून पाहतो तर हसत होती. उजवी बाजू जोरात हसत होती, डावी थोडी मागे राहिली होती, ती राहणारच, डॉक्टरांनी तसं सांगितलंच होतं. पण अलका, तिचा पदर खांद्यावरच होता. तोंडावर घ्यायचं ती विसरली होती. मला काहीतरी बोलायचं होतं, पण म्हणालो एवढंच, तीन नंबरचा चौकोन तिरका आलाय.

दुसऱ्या दिवशी चार चौकोनांत चार लेप लावून घेतले आणि हॅट घालून कारखान्यात गेलो. पण पत्रा झाकून ठेवला तर परीक्षा कसली? म्हणून जेवणाच्या सुट्टीत शेडमागे उन्हात उघड्या डोक्याने बसलो. आमचा जुना रंगारी उमाजी आला, माझ्याभोवती एक फेरी मारली, वाकून नीट पाहिलं आणि गंभीरपणे विचारलं, ‘सायेब, खाली प्रायमर कुठलं मारलंय?’ संध्याकाळपर्यंत सगळं खातं येऊन पाहून गेलं. निकाल असे: एक नंबर, कोल्ड क्रीम, त्यावर इतकी धूळ बसली की विमान असतं तर मी परत पाठवलं असतं. दोन नंबर, गुलाबी स्नो, दुपारी दोनलाच खाजायला लागला, त्याचा डाग अजून आहे. तीन नंबर, सोयराबाईंची साय आणि मध, त्याला मुंग्या लागल्या, आणि त्याही बसमध्ये. चार नंबर, कृष्णाजींचं मलम, आठ दिवस उन्हात राहून चौकोन मऊ, स्वच्छ, निर्धोक. वहीत सही करून मी ‘पास’ लिहिलं. मग तिने ते हातावर लावलं आणि दुसऱ्या दिवशी गालाला. आता रोज लावते, आणि ग्लिसरीनच्या साबणाने तोंड धुते. सोयराबाई चार दिवस रुसल्या होत्या, नंतर स्वतःच मलमाची डबी मागून घेऊन गेल्या.

मलमाबद्दल कृष्णाजी एक वाक्य बोलून गेले, की हे इतकं सौम्य आहे, तान्ह्या बाळालाही चालेल. तुझी आई शेजारीच उभी होती. परवा मी ट्रंकेत माझा मफलर शोधत होतो, तर दुपट्यांच्या आणि टोपड्यांच्या चळतीखाली त्याच मलमाच्या दोन डब्या आणि साबणाच्या तीन वड्या. तुझं पत्र येऊन तीन दिवस झाले होते. तिने त्या तिथून काढल्या नव्हत्या.

म्हणून हे पत्र. तुझ्या लग्नात फोटोग्राफरने खुर्च्या मांडल्या, तुझ्या सासरची, दिल्लीहून आलेली बडी मंडळी येऊन बसली. तुझी आई माझ्याशेजारच्या खुर्चीत बसली होती, अलका. नवी जांभळी पैठणी नेसून, ताठ बसली होती. मीच तिच्या कानाशी वाकलो आणि म्हणालो, तू जरा बाजूला हो, फोटो कायमचा राहतो. ती एकदा माझ्याकडे पाहून उठली आणि पंगतीचं बघते म्हणून निघून गेली. तुझ्यासमोर माझी मान खाली जाऊ नये म्हणून तिने हौस नव्हती असं सांगितलं, आणि अडीच वर्षं तुझी ती एक-एक ओळ निमूट वाचली. मला तिची लाज वाटली होती, आणि आज मला माझी लाज वाटते. हे मी तिला विचारून लिहीत नाहीये. पाकीट पेटीत टाकून आलो की सांगेन, आणि बोलणी खाईन. रागवायचं तर माझ्यावर रागव, पण बाळंतपणाला आपल्या घरी ये. सातवा लागला की मी स्वतः तुला न्यायला येतो. उत्तर मला लिहू नकोस, तिला लिही, आणि ते एका ओळीत बसवू नकोस. बारशाला इथल्या फोटोग्राफरला मी आत्ताच सांगून ठेवलंय. मधल्या खुर्चीत बाळाला मांडीवर घेऊन तुझी आई बसेल, तिच्या दोन बाजूंना तुम्ही दोघं. या वेळी मागे मी उभा राहीन, आणि हॅट घालणार नाही.

तुझाच, दोन नंबरचा डाग अजून मिरवणारा,
बाबा