आहेरातल्या गोळ्या

हेंद्रेपाडा, बदलापूर (प.)
३१ जानेवारी २०२६

चि. तेजस्वीस,
माधवी मावशीचे पोटभर आशीर्वाद.

तुझे ब्लाउज शिवून आले. त्यांच्या पिशवीतच ही चिठ्ठी ठेवते, कारण फोन केला की तुझी आई स्पीकर लावून सगळ्या अंबरनाथला ऐकवते. हिरव्या ब्लाउजची बाही घट्ट झालीय. शिवणाऱ्या बाई म्हणाल्या, नवरी लग्नापर्यंत बारीक होते. मी म्हटलं, आमची होणार नाही, तिची केळवणं अजून संपली नाहीत.

माघी गणपतीला तू नव्हतीस. मोदक छान झाले. तुझ्या काकांनी इतके खाल्ले की संध्याकाळच्या आरतीला त्यांना उभं राहवेना. मला त्या वेळी जरा चक्कर आली, ते आईने सांगितलंच असेल. उपासाने आली, असं मी सगळ्यांना सांगितलं.

उपासाने नव्हती गं.

आधी डोळ्यांसमोर चकचकीत वाकडीतिकडी रेघ आली. केळवणाच्या दिवशी तू सांगत होतीस ना, डोकं दुखायच्या आधी दिसते, तीच. आपल्या घरचीच अर्धशिशी, तिला काय घाबरायचं, म्हणून मी निरांजन लावत राहिले. मग उजवा हात बधिर झाला. काकांना हाक मारायला गेले तर शब्दच फुटेना. तेजू, मी फार घाबरले.

काकांनी सोवळ्यातच मला रिक्षात घालून हॉस्पिटलात नेलं. पोचेपर्यंत वाचा परत आली होती, आणि पहिलं वाक्य काय, तर "गॅसवर दूध आहे." एमआरआय स्वच्छ निघाला. डॉक्टर मॅडमनी विचारलं, गोळ्या कुठल्या घेता? मी म्हटलं, काहीच नाही. घरात देवकार्य असलं की पाळी पुढे ढकलायला घेतो, त्यांना मी मुळी औषध धरतच नाही. त्या कळल्यावर मॅडमनी चांगलं झापलं. म्हणाल्या, अशी रेघ दिसणाऱ्यांना मेंदूत गुठळी होऊन झटका यायचा धोका इतरांपेक्षा थोडा जास्त असतोच, त्यात न विचारता हार्मोनच्या गोळ्या घेऊन भर कशाला घालता?

आता मुद्द्याचं. केळवणाच्या आहेरात साडीखाली मी जी पट्टी ठेवली, ती त्याच गोळ्यांची. सोनिवलीला सासरी पहिल्या पूजेत अडचण नको, म्हणून सोमवारपासून सुरू कर असं मीच तुला सांगितलं. एकही घेऊ नकोस. त्या रेघेसाठी डॉक्टरांना दाखवू, मी येते बरोबर.

सासूबाईंची काळजी करू नकोस. काल मीच सोनिवलीला जाऊन कमळाबाईंना सगळं सांगितलं. ओटीवर तुझे सासरे बुधाजीराव बसले होते, म्हणून स्वयंपाकघरात शिरून कुजबुजत बोलले. सोयरिकीत नसता घोळ होईल, अशी भीती होती. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "पोरीचं डोकं आधी. पूजा आठ दिवसांनी करू, देव कुठं पलून चाललाय?" मी तिथेच रडले. मला गप्प करायला त्यांनी कमलेशला गरम भजी आणायला पिटाळलं. जावई चपळ आहे हो.

पट्टी कचऱ्यात टाकलीस की आधी मला कळव. तोवर माझ्या घशाखाली घास उतरायचा नाही.

तुझ्या डोक्यावर दोन्ही हातांनी अक्षता टाकायला येणारी,
तुझी मावशी