उभा राहणारा पाय

३ मार्च, मंगळवार
दुपारी ऑनलाइन मीटिंगमधून उठले तर आबा घरात नाहीत. फोन सोफ्यावर. मुलीकडे, डब्लिनच्या या टॅला उपनगरात, येऊन जेमतेम आठ दिवस, आणि कोल्हापुरात असल्यासारखे न सांगता बाहेर! सापडले शेजारी ह्यूंच्या बैठकीत, चहा पीत. ह्यू म्हणजे नव्वदी ओलांडलेले स्कॉटिश गृहस्थ, मुलगी मॉरीनबरोबर राहतात. चार वर्षांत आमचं बोलणं हवामानापलीकडे गेलेलं नाही. आबांना इंग्रजी येत नाही. पण ह्यूंच्या खिडकीतून भिंतीवरचा फोटो दिसला (तरुण ह्यू, चिखल, हवेत डावा पाय, पुढे फुटबॉल) आणि यांनी सरळ बेल वाजवली.

५ मार्च
आज मी दुभाषी. मॉरीन सांगत होती. महायुद्ध संपल्यानंतरची वर्षं. आठवडाभर ह्यू कोळशाच्या खाणीत, शनिवारी दुपारी मैदानात. सेंटर फॉरवर्ड. देशाच्या संघात एकदाच निवड झाली. त्याच आठवड्यात खाणीचं छत कोसळलं. ह्यू सामन्याला जायच्या गाडीत बसले नाहीत, ढिगाऱ्यातून माणसं काढत राहिले. पुन्हा बोलावणं आलंच नाही. पुढे डब्लिनच्या एका छोट्या क्लबात आले, लग्न केलं, राहिले. त्यांना विचारलं, वाईट वाटलं का? म्हणाले, तिघे जिवंत निघाले. बस, एवढंच.
आबाही कोल्हापुरात तालमीच्या फुटबॉल संघाचे सेंटर फॉरवर्ड. हलगी, गुलाल, अख्खी पेठ मैदानावर... त्या गोष्टींना मी लहानपणापासून विटलेय. आज आबांनी केस मागे सारले आणि कपाळावरची खूण दाखवली. जुना चामड्याचा बॉल भिजला की दगड व्हायचा, डोक्याने मारताना त्याची नाडी कातडं फाडायची. ह्यूंनी स्वतःच्या कपाळाला हात लावला. तिथेच, तशीच खूण. मी आयुष्यभर आबांची ती खूण पाहतेय, कधी विचारलं नाही.

८ मार्च, रवि.
मॉरीन किचनमध्ये रडली. ह्यूंच्या उजव्या पायाचा रक्तपुरवठा थांबलाय. गुडघ्याखाली कापायचा, नाहीतर विष अंगभर पसरेल. ऑपरेशन १९ ला. ह्यू सही करत नाहीत. ‘दोन पायांवर आलो, दोन पायांवर जाईन.’
आबांना सांगितलं. जेवले नाहीत.

१४ मार्च, शनि.
आबा अंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून तयार. म्हणाले, चल. आमच्याकडे मैदानात उतरण्याआधी पोरं जुन्या खेळाडूच्या पाया पडतात. बाहत्तर वर्षांचे आबा, गुडघा धरत वाकले आणि ह्यूंच्या उजव्या पायाच्या बँडेजवर डोकं टेकवलं. मॉरीन ट्रे घेऊन दारात थिजली. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.
ह्यू कोरडे हसले. ‘पाय चुकला. गोल सगळे डाव्याने मारले. हा उजवा नुसता उभा राहायचा.’
मी ओशाळून मराठीत सांगितलं. आबा उठलेच नाहीत.
‘ठाव हाय मला. फोटूत दिसतंय की. म्हनूनच ह्याच्या पाया पडलो. उभा ऱ्हानारा पाय पक्का नसंल, तर मारनारा कुनाच्या जिवावर मारंल? ह्यानं लई वर्सं भार झेलला. आता ह्याला सुट्टी द्या म्हनावं.’
मी ते इंग्रजीत सांगितलं. ह्यू त्या पायाकडे बघत राहिले. मग त्यांचा हात आबांच्या डोक्यावर आला. त्यांना कुणी शिकवलं होतं? त्या एवढ्याशा खोलीत दोन सेंटर फॉरवर्ड, आणि मी आपली कोपऱ्यात, लहान पोरीसारखी.
सही मात्र नाही.

१६ मार्च
काही नाही. आबा दिवसभर खिडकीत. ऑफिसचं एक काम धड झालं नाही.

१८ मार्च
मॉरीन आली. ह्यूंनी माळ्यावरून खेळायचा जुना बूट काढायला लावलाय. उजवा. का, ते सांगत नाहीत. सहीचा कागद टेबलावर तसाच. बुटाचं चामडं तडकलेलं, म्हणून आबांनी तो आणायला लावून त्याला माझ्या खोबरेल तेलाने चोळलं. अर्धी बाटली संपली.

१९ मार्च, गुरु.
सकाळी हॉस्पिटलची गाडी आली. ह्यू चाकांच्या खुर्चीत, मांडीवर तो बूट, बुटात घडी केलेला कागद. सही आहे की नाही, मॉरीनलाही माहीत नाही. तो मी स्वतः डॉक्टरच्या हातात देईन म्हणाले. आबांपाशी खुर्ची थांबवली, स्वतःच्या उजव्या गुडघ्यावर दोनदा थोपटलं. ‘ग्रँड,’ एवढंच म्हणाले, इथे ‘ठीक आहे’ला म्हणतात तसं. ते आबांना समजलं.
गाडी जाऊन तीन तास झाले. मॉरीनचा फोन नाही. आबा अजून फाटकाशी उभे आहेत. आत या म्हटलं नाही. खुर्ची नेऊन ठेवली, तरी बसले नाहीत.