एक जानेवारीच्या मुली

खुलना, ६ जून २००३

ती. आब्बांस,

टुकूचे सलाम. वि. वि. इकडे सर्व खुशाल. आधी चष्मा लावा आणि आम्माला चुलीपासून उठवून जवळ बसवा, कारण हे दोनदा लिहायला मला धीर नाही. आशियातल्या पत्रकारांसाठी मनिलात आठ महिन्यांची फेलोशिप निघाली आहे! दहा वर्षांहून जास्त काम केलेली माणसं हवीत, पण चाळिशी उलटलेली नकोत. साऱ्या आशियातून फक्त बारा जण. राहणं, जेवण, विमान सगळं त्यांचं. आपण एक विषय न्यायचा आणि तो तडीस लावायचा. संपादकांनी स्वतः कागद माझ्या टेबलावर टाकला. म्हणाले, अठरा वर्षं दुसऱ्यांच्या बातम्या दुरुस्त करतेस, आता स्वतःची एक मोठी कर.

विषय तुम्हाला ठाऊकच आहे. चौदा वर्षांच्या मुलीला अठराची ठरवून लग्नाला मोकळी करणारे गावपरिषदेच्या चेअरमनचे जन्मदाखले. त्यावरच्या माझ्या बातमीनं तीन लग्नं थांबली, तेव्हा तुम्हीच कात्रण शाळेच्या फलकावर लावलं होतंत.

माझं मॅट्रिकचं सर्टिफिकेट तुमच्या पत्र्याच्या पेटीत आहे, ते रजिस्टर पोस्टानं पाठवा. तीस जूनच्या आत अर्ज जायला हवा. तुमचे जावई म्हणतात, आठ महिने घर मी सांभाळीन. त्यांनी परवा भात केला होता, तो आम्ही चमच्यानं प्यायलो.

माया आहे तशी राहू द्या, आणि या महिन्यात दुवा थोडी जास्तीची करा.

तुमची,
टुकू


चांदडांगा, जि. मागुरा, ११ जून २००३

चि. टुकूस अनेक दुवा.

पत्र पावले. चहाच्या टपरीवर दोनदा वाचून दाखवले. दुसऱ्यांदा कुणी मागितले नव्हते. पत्रात तीन चुका आहेत, त्या लाल शाईने दाखवून पत्र परत पाठवत आहे. शिवाय एक शब्द तू गिरगटला आहेस. वर्गात हजारदा सांगितले, चूक झाली तर ती लपवायची नाही. एका रेघेने कापायची, खालचे दिसले पाहिजे, आणि वर बरोबर लिहायचे.

सर्टिफिकेट सोबत आहे. मागुऱ्याच्या बसवाल्याकडे दोन फणस दिले आहेत, उतरवून घे. तुझी आम्मा चाळिशीची अट ऐकून हसली. म्हणाली, येत्या भाद्र महिन्याच्या सतराला टुकूला बेचाळीस पुरी होतील, घराशेजारी ताग कुजत घातला होता तेव्हा झाली, वासाने जीव नकोसा झाला होता. तिचे गणित घरात राहू दे. कागदावर आहे तेच वय.

जावईबापूंना सांग, भातात पाणी बोटाच्या दोन पेरांइतके. पत्राचा खंड पाडू नये.

तुझा,
आब्बा


खुलना, १७ जून २००३

ती. आब्बांस सलाम. वि. वि.

फणस पोचले. एक पिकायच्या आधीच शेजाऱ्यांनी हुंगून काढला, त्यामुळे अर्धा त्यांचा झाला.

सर्टिफिकेट समोर ठेवलं. जन्म १ जानेवारी १९६४. पेन तिथंच थांबलं. हुस्नेआरा, रोकेया, माझ्यासकट नववीच्या एक्केचाळीस मुली, सगळ्या एक जानेवारीला जन्मलेल्या! बोर्डाचे फॉर्म तुम्ही आपल्याच पडवीत बसून भरलेत आणि शाई मी आणून देत होते. चेअरमन एका सहीत मुलींना मोठं करतो असं मी छापलं. तुम्ही एका सहीत आम्हाला लहान केलंत.

रागावू नका. मला तर घबाड सापडल्यासारखं झालंय, माझ्या विषयाचं पहिलं प्रकरण मीच निघाले! पण खऱ्या तारखेनं मी अटीबाहेर जाते. तुमचे जावई म्हणतात, अर्धा देश एक जानेवारीला जन्मलाय, पासपोर्टही तेच सांगतो, गप बस. ते चूक नाहीत. पण खोट्या वयाचा विषय घेऊन अर्ज करायचा आणि त्यात स्वतःचं वय खोटं लिहायचं, हे माझ्याच्यानं होत नाही. खरी तारीख लिहू का? आणि ती कुणी बदलली, तेही?

उत्तराची वाट पाहते. प्रेम कमी करू नका.

टुकू


चांदडांगा, २१ जून २००३

चि. मेहेरुन्निसा,

मला त्या चेअरमनच्या पंक्तीला बसवलेस! त्याने मुली सासरी धाडल्या. मी त्यांना नोकरीच्या परीक्षेला बसायला दोन वर्षे जास्तीची दिली. सात जणी सरकारी नोकरीत लागल्या. त्यांच्या कागदांवर उद्या कुणी बोट ठेवले तर जबाबदार कोण? खरी तारीख लिहू नकोस, मनिलाचे दार स्वतःच्या हाताने लावून घेशील. माझे नाव तर मुळीच नको.

मो. हुसेन
निवृत्त मुख्याध्यापक


खुलना, २८ जून २००३

ती. आब्बांस सलाम. वि. वि.

अर्ज आज गेला. माझी तारीख एका शिक्षकानं बदलली, एवढंच लिहिलं. तुमचं नाव नाही, शाळेचं नाही, बाकी चाळीस जणींचं तर नाहीच. फक्त माझं आहे. जन्मतारखेच्या रकान्यात १ जानेवारी लिहिली, एका रेघेनं कापली, खालचं दिसेल अशी, आणि वर १७ भाद्र, सन १९६१ लिहिली. गिरगटलं नाही.

रागावलात तरी लिहीत राहा.

टुकू


खुलना, ५ ऑगस्ट २००३

ती. आब्बांस सलाम. वि. वि.

आब्बा, मुलाखतीला बोलावलंय! चौदा तारखेला, ढाक्याला! ऑफिसात मी खुर्चीवरून अशी उठले की चहा संपादकांच्या सदऱ्यावर. फेलोशिपवाले म्हणतात, अटीला पासपोर्टवरची तारीख धरतात, तेव्हा वयानं अडत नाही. पण त्यांनी एक विचारलंय. तारीख लिहिणारा शिक्षक स्वतःच्या नावानं बोलेल का? साक्षीदार नसेल तर ही ऐकीव गोष्ट, आणि ऐकीव गोष्टीवर ते कुणाला आठ महिने पोसणार नाहीत.

त्यांचं खरं आहे. मीही कुणाची ऐकीव बातमी छापली नसती. तुमचं नाव मी सांगणार नाही, शब्द दिलाय. जागा गेली तर गेली, असं लिहिणार होते. पण तुमच्याशी खोटं कशाला बोलू? मला जायचंय, आब्बा. फार जायचंय.

जूनपासून तुमचं अक्षर नाही. चुका काढायला तरी लिहा.

टुकू


चांदडांगा, ९ ऑगस्ट २००३

चि. टुकूस अनेक दुवा.

तुझी दोन्ही पत्रे लाल पेन हातात घेऊन वाचली. जूनच्या पत्रात रेघेपाशी आलो आणि पेनाला टोपण लावले. उत्तर लिहायला बसायचो आणि कागद घडी करून ठेवायचो, असा दीड महिना गेला. तुझी आम्मा तेवढे दिवस माझ्याशी फक्त मिठाबद्दल बोलली.

काल शाळेत जाऊन शहात्तर सालचे रजिस्टर उघडले. एक्केचाळीस वेळा एक जानेवारी, माझ्या वळणदार अक्षरात. सात जणींच्या नोकऱ्यांचा अभिमान मला आजही आहे, तेही जबानीत लिहिले आहे. पण तारीख खोटी ती खोटीच. त्या चेअरमनलाही आपला हेतू चांगलाच वाटत असेल.

जबानी सोबत आहे, शाळेच्या कारकुनाच्या साक्षीने. माझे नाव, गाव, शाळा, सगळे पूर्ण सांग. एका शिक्षकाने असे कळते, असले गुळमुळीत काही नको. मुलींची नावे मात्र मी देणार नाही, तूही देऊ नकोस. आम्माने हट्टाने खाली स्वतःची ओळ घालायला लावली: ताग कुजत घातला होता.

ढाक्यात हळू बोल, तू घाईत शब्द खातेस.

तुझा,
आब्बा


चांदडांगा, १० भाद्र १४१० (२५ ऑगस्ट २००३)

चि. टुकूस अनेक दुवा.

औषधाच्या दुकानात तुझा फोन आला. मला त्यातले झालं, झालं एवढेच ऐकू आले. बाकीचे दुकानदाराने माझ्या हातातून फोन काढून घेऊन ऐकले आणि रस्त्याने ओरडत गेला. मी टपरीवर पोचेपर्यंत सांगायला काही उरले नव्हते. लोक चहा पाजत होते, तो पीत बसलो. आम्मा घरात एकदा रडली, एकदा हसली, आणि आता तुझ्यासाठी लोणचे बांधते आहे. मनिलात माणसे लोणचे खात नाहीत असे कुणी तरी सांगितले, तर त्याच्याशी भांडली.

जाताना हे पत्र जवळ ठेव आणि सतरा भाद्रला उघड, असे पाकिटावर लिहिले आहे. तू आताच फोडलेले असणार, ते मला माहीत आहे. कागदाला जपायचे म्हणून मी घरातही तुला एक जानेवारीलाच दुवा देत आलो. सतराला तुला बेचाळीस पुरी होतील. मी पडवीत बसून तुझी दोन वर्षे आणि चार महिने काढून घेतले होते, तेव्हा शाई तूच आणून दिली होतीस. ते आज परत करतो आहे. परदेशात जपून वापर.

तुझा,
आब्बा

ता. क. तुझ्या पाच ऑगस्टच्या पत्रात चूक शोधली. सापडली नाही.