भाऊसोंनी आकडे मोजावेत म्हणून

प्रति,
मा. ग्रामसेवक,
ग्रामपंचायत कार्यालय, मौजे हिरेकट्टी, जि. कोल्हापूर

अर्जदार : बादशहा अल्लाबक्ष मुजावर, राहणार सदर, एकटे.

विषय : गावविहिरीवरील जाळीचे कुलूप एका सकाळपुरते काढून मिळणेबाबत.
संदर्भ : मागील अर्जास आपण दिलेले तोंडी उत्तर, "चाचा, घरात गप बसा."

महोदय,

वरील आदेशाप्रमाणे अर्जदाराने घरात गप बसून पाहिले. पत्नी सलिमा वारल्यापासून तेच काम चालू आहे, त्यात नवीन काही नाही. सबब पुन्हा अर्ज.

१. भाऊसो कांबळे व अर्जदार रोज सकाळी गावविहिरीवर जात. अर्जदार बुडी मारून दम धरी आणि भाऊसो काठावरून मोठ्याने आकडे मोजत. "तू बी मार की बुडी" म्हटले तर म्हणत, "आन् मोजणार कोन? तुला पन्नासाच्या फुडं येतंय व्हय?" पाण्यात कचरा पडतो म्हणून आपण जाळी ठोकली व हा क्रम बंद पडला. गेल्या दिवाळीत भाऊसोंना मेंदूचा झटका आला. उजवे अंग गेले, वाचा गेली.

२. पुढे पेपरात बातमी आली, की उंदरांना आधी थोडा थोडा वेळ कमी प्राणवायूत ठेवले, तर नंतर झटका आला तरी मेंदूचे नुकसान कमी होते. अर्जदाराने कात्रण कापून ठेवले व हिशेब मांडला. कमी हवा सगळी अर्जदाराने खाल्ली आणि भाऊसोंच्या वाट्याला नुसते आकडे आले! म्हणून मागील अर्जात भाऊसोंना बुडी मारू देण्याची मागणी होती. ती रद्द समजावी. मुरगूडचे डॉक्टर फाडकन म्हणाले, "चाचा, ते उंदीर यंत्रात मोजूनमापून ठेवलेले. विहिरीतली बुडी म्हणजे ते नव्हे. आणि झटका येऊन गेल्यावर त्याचा काय उपयोग? त्यांना पाण्यात उतरवलंत तर माझ्याशी गाठ आहे."

३. आता खरी मागणी. अर्जदार रोज भाऊसोंच्या खाटेशी बसतो. बोलणारा एकटा अर्जदारच. परवा बोलून बोलून जीव कंटाळला, म्हणून गमतीने नाक दाबून गप्प बसला. तर भाऊसोंचे ओठ हलले. "एक." मग "दोन." पोटच्या पोराचे नाव ज्यांना घेता येत नाही, ते चक्क मोजू लागले! त्यांचा मुलगा प्रसेनजीत धावत आला. अर्जदाराला रडू फुटले, श्वास सुटला आणि भाऊसो थांबले. डॉक्टर म्हणतात, तोंडात बसलेले आकडे कधी कधी शिल्लक राहतात. तेव्हापासून अर्जदार रोज नाक दाबतो. दम पुरतो तोवर भाऊसो बोलतात. पण खाटेशी हुंदका येतो व दम टिकत नाही. पाण्यात टिकतो.

४. सबब कुलूप एक सकाळ काढावे. भाऊसो काठापासून लांब खुर्चीत बसतील. अर्जदार एकटाच उतरेल, कमरेचा दोर प्रसेनजीत धरेल. यातून कोणाचा मेंदू सुधारेल असा दावा नाही. पाण्याखाली काही ऐकू येत नाही, साहेब. पण वर आल्यावर आकडा कानावर पडला, की आपली वाट बघत कोणीतरी बसले होते हे कळते. तेवढे एकदा पुन्हा ऐकायचे आहे.

आपल्या होकाराकडे डोळे लावून बसलेला,
बादशहा मुजावर
दि. १२ मार्च २००३

सोबत : १) बातमीचे कात्रण. २) प्रसेनजीत कांबळे यांची संमती. ३) खोबरेल तेलाची लहान बाटली (कुलूप गंजले आहे).