लाल आकडा

देवळी, मंगळवार, ४ नोव्हेंबर

नागपूरच्या डिझाइन कॉलेजातले एक सर आज आले होते, कापसाच्या जिनिंगमधलं माझं जुनं छापणारं कॅल्क्युलेटर प्रदर्शनाला न्यायला. जिनिंग बंद पडलं तेव्हा मालकांनी ते मलाच देऊन टाकलं होतं. सर त्याच्या घडणीचा इतिहास लिहिणार आहेत. बेरजेचं बटण मोठं का, बाकीची खोलगट का, सगळं भराभर सांगितलं. ऐकायला बरं वाटलं. मग म्हणाले, "ताई, शाईची दोनरंगी फीत आता मिळत नाही. नुसती काळी टाकतो. तसाही लाल रंग दिखाव्यासाठीच होता."

दिखाव्यासाठी? वीस हंगाम मी काट्याजवळ बसून कापसाची वजनं छापली. बेरीज काळी, वजाबाकी लाल. ज्यांना वाचता येत नव्हतं ते शेतकरीसुद्धा कागदी पट्टीवरच्या लाल आकड्यावर बोट ठेवून विचारायचे, "बाई, हे काऊन कापलं?" मग मालकांना उठून ओला कापूस दाखवावा लागायचा, नाहीतर ती वजाबाकी मागे घ्यावी लागायची. हे लिहायचं नसेल तर इतिहास कसला?

सरांना सरळ सांगितलं, "लाल राह्यला तर न्या, नाई तर मशीन इथंच राहीन." रागावले. रागावोत. जास्त बोलले का मी? नाही.

ते गेल्यावर एक वजाबाकी करून पाहिली. फितीवरचा काळा रंग वापरून वापरून केव्हाच उडालाय. लाल आकडा मात्र उमटला. पट्टी फाडून इथेच चिकटवली आहे.