लहानपणचं सांगणारं माणूस

बाबा, मागच्या महिन्यात डॉक्टरबाईंनी विचारलं, "तुमचं लहानपण जवळून पाहिलेलं कोणी आहे का घरात?" आणि मला तुम्हीच आठवलात. आई मी बोलायला लागायच्या आतच गेली. पाहिलं ते तुम्हीच, आणि तुम्हालाही जाऊन आता बरीच वर्षं झाली. वाचताना थबकाल, की ही मुलगी 'गेलो', 'आलो' का लिहिते. हल्ली मी असाच बोलतो, बाबा. मला मुलगी असल्यासारखं कधी वाटलंच नाही.

आपल्या इंदूरच्या लालबागेतला मेळा आठवतो? आकाशपाळण्याजवळ भोंगा सुरू झाला आणि मी कान दाबून धुळीत लोळण घेतली. लोक बघताहेत. तुम्ही ओरडत नाही. गळ्यातला मफलर माझ्या कानांवरून गुंडाळता, उचलून मागच्या झाडांकडे नेता आणि माझा श्वास शांत होईपर्यंत नुसते शेजारी बसून राहता.

आत्याच्या मुलीच्या लग्नात मात्र रागावलात. जरीच्या साडीत अंग सोलल्यासारखं होत होतं, आणि आरशात दिसत होती ती मी नव्हतोच. हॉलमध्ये माझी वाचाच गेली. पाहुणे विचारत राहिले, मी भिंतीकडे बघत राहिलो. घरी आल्यावर म्हणालात, "चार लोकांत असं करतात का? मुलीच्या जातीला शोभतं का हे?" दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात आलो, तर चहा उकळत होता आणि तुम्ही ब्लेडने तुमच्या जुन्या निळ्या शर्टाचं लेबल उसवत होतात. "हा घाल. टोचणार नाही." माझ्याकडे न बघताच दिलात.

तुमच्यामागे नोकरी लागली. दिवसभर बाई म्हणून वावरायचं, समोरच्याच्या डोळ्यांत बघून हसायचं, आणि घरी येऊन दार लावून पडायचं. मग जेवण सुटलं. जगावंसंच वाटेना. डॉक्टर बदलले; सगळ्यांनी उदासीवर गोळ्या दिल्या, त्यांनी झोप यायची, बस. या बाईंनी पहिल्यांदा सगळं विचारलं, अगदी आवाजांपासून कपड्यांपर्यंत.

शेवटी आत्याला घेऊन गेलो. "एकदम नॉर्मल थी, डॉक्टरबाई," आत्या म्हणाली. "जिद्दी होती जरा. बापानं लाडावून ठेवलेली." मग थोडं थांबून, "पण दादा हिला होता होईतो गर्दीत न्यायचा नाही हं. म्हणायचा, आवाज तिला लागतो."

बाईंनी लिहिणं थांबवलं. "वडिलांना दिसत होतं तर."

मी तिथेच रडलो. तुम्ही गेलात तेव्हा रडलो नव्हतो, ते रडूही तेव्हाच आलं बहुतेक. त्या आठवड्यात बाईंनी सांगितलं, हा ऑटिझम आहे, जन्मापासूनचा. आता दर आठवड्याला जातो. एक वेळचं जेवण नीट जातं.

पण दुसरी गोष्ट, मी मुलगी नाही ही, तीही तुम्हाला दिसली होती का? ते आत्याला विचारून कळणारं नाही. हे कुठे पाठवायचं नाहीये, म्हणून एक सांगून टाकतो. तुम्ही मला कायम 'बेटा' म्हणायचात. इंदुरात मुलीलाही बेटाच म्हणतात, ठाऊक आहे मला. तरी तुम्ही मला ओळखूनच तसं म्हणत होतात, असं मी ठरवून टाकलंय.